समोच्चरेषा, मागचा बाक आणि मल्टिफोकल लेन्स

कॉन्टॅक्ट लेन्स मी कॉलेजपासून वापरते. दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीनच्या आसपास नंबर, डाव्याला जरासा सिलिंड्रिकलही. पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. पंचेचाळिशी ओलांडली आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला अडायला लागलं. स्थलनिर्देशक नकाशावरच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, मला मोजता येईनात.

ज्यांनी हा नकाशा हाताळला आहे त्यांना कळेल. १:५०,००० प्रमाणाचा कागद, वीस-वीस मीटरच्या फरकाने काढलेल्या केसासारख्या बारीक तपकिरी रेषा, दर पाचवी रेषा जराशी जाड. सिंहगडासारख्या खड्या उताराच्या भागात त्या एकमेकींना चिकटूनच जातात. मुलं नकाशा पुढे सरकवून विचारतात, "मॅडम, इथे उंची किती धरायची?" आणि मला तिथे फक्त तपकिरी पट्टा दिसायचा. नकाशा लांब धरला तर डोळ्यांना बरं वाटायचं, पण रेषा आणखी बारीक व्हायच्या.

चष्मा लावलेल्या दिवशी मात्र हा त्रास जवळजवळ नसायचा, कारण चष्मा कपाळावर सरकवता येतो. उणे तीन-साडेतीन नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय फूटभर अंतरावरचं आपसूक स्वच्छ दिसतं. लेन्स डोळ्यावरच बसलेली. ती अशी वर सरकवता येत नाही. शिवाय उणे नंबरवाल्याला जवळचं पाहताना चष्म्यापेक्षा लेन्समध्ये थोडा जास्त जोर लावावा लागतो. त्यामुळे माझ्याच वयाच्या, माझ्याच नंबरच्या चष्मेवाल्या मैत्रिणींना चाळिशीचा पत्ताही नव्हता आणि मी मात्र मोबाइल हातभर लांब धरून वाचत होते.

लेन्सच्या दुकानात जाण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे गेले आणि हा क्रम मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासायला हवा. उणे नंबर असेल तर बाहुली मोठी करून दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) कडाही पाहून घ्याव्या लागतात. थेंब घातल्यावर काही तास सगळं चमकतं आणि पुसट होतं, म्हणून सोबत कुणीतरी न्यावं, गाडी स्वतः चालवू नये.

डॉक्टरांनी फार सोप्या शब्दांत समजावलं. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणापासूनच हळूहळू कडक होत जातं. लहान मुलाच्या डोळ्यात दहा डायॉप्टरहून (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) जास्त ताकद जवळचं पाहण्यासाठी राखीव असते. साठीपर्यंत ती एकाच्या आसपास उरते. चाळीस सेंटिमीटरवरचं वाचायला अडीच डायॉप्टर लागतात, आणि आहे ती सगळी ताकद सतत ताणून कुणालाच तासन्‌तास वाचता येत नाही. म्हणून पंचेचाळिशीच्या आगेमागे हिशेब तुटतो. डोळ्यांचे व्यायाम, गाजराचा रस, हिरवळीवर चालणं यांतलं काहीही ते भिंग पुन्हा मऊ करत नाही.

चाळिशीच्या चष्म्याऐवजी डोळ्यात घालायच्या थेंबांचंही मी विचारलं. २०२४ च्या सप्टेंबरात "आता चष्मा विसरा" अशा बातम्या आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर धडाधड आल्या होत्या. थोड्याच दिवसांत केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्या उत्पादनाची परवानगी स्थगित केल्याची बातमीही आली. ती मात्र फारशी कुणी पुढे पाठवली नाही. डॉक्टर म्हणाले, पिलोकार्पिन हे औषध जुनंच आहे. त्याने बाहुली आकसते आणि काही तास जवळचं बरं दिसतं, पण अंधारात कमी दिसतं, काहींचं डोकं दुखतं आणि तुमच्यासारख्या उणे नंबरवाल्यांनी दृष्टिपटल तपासल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. माझ्यापुरता तो विषय तिथे मिटला.

मग खरा शोध सुरू झाला. प्रोग्रेसिव्ह चष्मा मी आधीच करून घेतला होता आणि घरी तो आजही वापरते. पण मुलांना घेऊन गडावर जाते तेव्हा उतरताना पायाखालची पायरी त्याच्या खालच्या, वाचनाच्या भागातून दिसते, म्हणजे पुसट दिसते. मान पूर्ण खाली घालून उतरावं लागतं. पावसाळ्यात काचेवरचं पाणी आणि धुकं वेगळंच. लेन्सवर वाचनाचा चष्मा हा दुसरा उपाय स्वस्त आणि बिनधोक आहे. अधिक दीड नंबरचा एक चष्मा दोरीने गळ्यात अडकवून मी बरेच दिवस काढले. ऑफिसात एका जागी बसणाऱ्याला तो पुरेल. वर्गात फळा, हजेरीपट, मागच्या बाकावरचा मुलगा, हातातलं जर्नल आणि पुन्हा फळा असं सतत चाललेलं असतं. चष्मा नाकावर ठेवला तर मागचे बाक धूसर आणि काढला तर हजेरीपट धूसर.

लेन्स बसवून देणारी ऑप्टोमेट्रिस्ट तिशीच्या आतली मुलगी होती. तिने पहिल्याच भेटीत मला लेन्स दाखवल्या नाहीत, एक कागद दिला. "मॅडम, तुमच्या दिवसात तुम्ही काय काय, किती अंतरावरून आणि कसल्या उजेडात बघता ते लिहून आणा. जे चुकलं तर चालणारच नाही त्याच्याभोवती गोल करा." इतक्या वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला डोळ्यांच्या बाबतीत कुणी विचारला नव्हता. मी घरी बसून मन लावून यादी केली. फळा आणि मागचा बाक: सात-आठ मीटर, ट्यूबलाइट. संगणक: हातभर. जर्नल आणि मोबाइल: चाळीस सेंटिमीटर. नकाशा: तेवढाच, पण फिकट रेषा. गाडी चालवणं: दिवसा आणि रात्री, सिंहगड रोडवरून घरी. क्षेत्रभेट: डोंगर, भर ऊन. रात्रीचं वाचन: अंथरुणात, छोटा दिवा. गोल केले ते रात्रीच्या गाडीला, मागच्या बाकाला आणि जर्नलला.

यादी वाचून ती म्हणाली, "हे सगळं एका लेन्समध्ये बसणार नाही. काय सोडायचं ते तुम्ही ठरवा, मग लेन्स मी शोधते." पुढचे सगळे निर्णय मी या एका वाक्याला धरून घेतले.

आधी तिने मोनोव्हिजन घालून दाखवलं, कारण ते सोपं आणि स्वस्त. एका डोळ्यात लांबचा नंबर, दुसऱ्यात जवळचा, लेन्स साध्याच. कुठला डोळा लांबच्यासाठी ठेवायचा ते ठरवायला दोन्ही तळहात पुढे धरून मधे छोटी त्रिकोणी फट करायची, त्यातून समोरचं घड्याळ पाहायचं आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीत राहतं तो प्रबळ डोळा. माझा उजवा निघाला. उजव्यात पूर्ण लांबचा नंबर आणि डाव्यात सव्वा डायॉप्टर कमी उणे अशा लेन्स घालून मी कॉलेजात गेले. अक्षरं छान दिसली, मोबाइल तर उत्तम. पण आमच्या प्रयोगशाळेत हवाई छायाचित्रं पाहायचा त्रिमितीदर्शक आहे. त्यात दोन छायाचित्रं दोन डोळ्यांनी एकत्र पाहिली की डोंगर कागदावरून उठून उभा राहतो. माझा डोंगर उठेना. खोलीचा अंदाज दोन्ही डोळ्यांच्या किंचित वेगळ्या, पण सारख्याच स्वच्छ चित्रांतून येतो आणि मी तर एक चित्र मुद्दाम पुसट केलं होतं. जिना उतरतानाही शेवटच्या पायरीला पाय चाचपडायचा. आमच्या वाणिज्य विभागातले एक सर वर्षानुवर्षं मोनोव्हिजनवर अगदी सुखात आहेत. त्यांचं काम आकड्यांचं, टेबलावरचं. माझ्या कामाला ते बसलं नाही.

मग आल्या मल्टिफोकल. ही लेन्स काम कशी करते ते समजून घेतलं नाही तर माणूस पहिल्याच आठवड्यात निराश होतो, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरून लांबचं आणि खालून जवळचं पाहता येतं, कारण नजर काचेवर खालीवर फिरते. मऊ लेन्स डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे वर-खाली हा भेदच तिथे चालत नाही. (कडक लेन्सचा एक प्रकार खालच्या पापणीवर टेकून राहतो आणि खाली पाहताना सरकतो, पण तो घालणारे मला क्वचितच भेटले.) मऊ मल्टिफोकलमध्ये लांबचे आणि जवळचे नंबर बाहुलीसमोरच एकात एक वर्तुळांसारखे किंवा मधून कडेकडे हळूहळू बदलत जाणारे असे बसवलेले असतात. दोन्ही प्रतिमा एकाच वेळी दृष्टिपटलावर पडतात आणि त्यातली हवी ती मेंदू उचलतो. वर्गाच्या गलक्यात प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा आवाज आपण जसा बरोबर टिपतो, तसंच. पण गलका बंद झालेला नसतो. प्रकाश वाटला गेल्यामुळे दोन्ही प्रतिमांची धार थोडी बोथट होते. काळ्या अक्षरांना ती चालते. फिकट तपकिरी रेषेला चालत नाही, याचा अनुभव मी पुढे घेतला.

आणि बाहुलीचा हिशेब निराळा. मला दिलेल्या रचनेत मध्यभागी जवळचा नंबर होता. भर उन्हात बाहुली बारीक होते, म्हणजे तिच्यासमोर मुख्यतः मधला, जवळचा भाग येतो आणि लांबचा डोंगर किंचित धुरकट होतो. तिन्हीसांजेला बाहुली पसरते, कडेचा लांबचा भाग जास्त उघडा पडतो आणि मोबाइल वाचवत नाही. मला वाटायचं उजेड जितका जास्त तितकं सगळंच स्वच्छ. या लेन्समध्ये जवळच्यासाठी ते खरं, पण लांबच्यासाठी उलटंही होऊ शकतं. उपाय तिनेच सांगितला: क्षेत्रभेटीला गॉगल घाला. गॉगल चढवला की बाहुली जरा मोठी होते आणि समोरचा डोंगर पुन्हा धारदार दिसतो. करून पाहिलं, तसंच झालं.

तपासण्याची पद्धतही नेहमीपेक्षा वेगळी होती. एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवूनच सगळं. लेन्स घातल्यावर वीसेक मिनिटं नुसतं बसवून ठेवलं, कारण लेन्स बसायला आणि पाणी थांबायला तेवढा वेळ लागतो. मोठ्या यंत्रामागे डोकं खुपसण्याऐवजी हातात धरायची छोटी भिंगं डोळ्यासमोर आणून "आता बरं की मघाशी बरं?" असं विचारत तिने नंबर बारीक-बारीक सरकवला. लांबच्या नंबरात जितका कमी उणे चालेल तितका ती कमी ठेवत होती. उगाच वाढवलेला पाव नंबर जवळच्या वाचनातून वसूल होतो, असं तिचं म्हणणं. शेवटी मला दारातून रस्त्यावर पाठवलं. "समोरची पाटी वाचा, येणारी बस बघा, मग फोन काढून मेसेज वाचा." आतल्या तक्त्यापेक्षा मला रस्त्यावरच जास्त कळलं.

पहिल्या चाचणी-जोडीत दोन्ही डोळ्यांना जवळचा नंबर मध्यम होता. जर्नल झकास वाचता आलं. पण फळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना फिकट सावली दिसायची, आणि रात्री सिंहगड रोडवर समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती पसरट कडं. दुचाकीवर ते मला नको होतं. काही दिवसांत मेंदूला सवय होऊन कडी कमी होतात हे खरं, आणि ती कमी झालीही; पण रात्रीच्या गाडीला मी गोल केला होता. तिथे तडजोड करायची नव्हती.

दुसऱ्यांदा तिने उजव्या, म्हणजे प्रबळ डोळ्याला जवळचा नंबर "लो" दिला आणि डाव्याला "मीडियम"च ठेवला. उजवा लांबचं जास्त सांभाळतो, डावा जवळचं, आणि तरी फरक मोनोव्हिजनइतका मोठा नसल्यामुळे दोन्ही डोळे एकत्र काम करतात. त्रिमितीदर्शकात डोंगर उठला! थोडा बुटका, पण उठला. त्या दिवशी वर्गात मुलांसमोर मला इतका आनंद झाला की तास संपल्यावर लगेच तिला फोन केला. रात्रीच्या दिव्यांभोवतीची कडी आता इतकीच उरली आहेत, जितकी साध्या लेन्सवर डोळे दमल्यावर दिसत. मागच्या बाकावर कोण मोबाइल काढतंय तेही दिसतं.

एवढं जमल्यावर एक नवी गोष्ट आडवी आली, डोळे कोरडे पडण्याची. दुपारनंतर दृष्टी येऊन-जाऊन पुसट व्हायची. डोळे मिटून उघडले की स्वच्छ, पुन्हा धूसर. मला वाटलं नंबर बदलावा लागणार. तिने डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या प्रकाशात पाहिलं आणि सांगितलं की अश्रूंचा थर लवकर तुटतोय, नंबर ठीक आहे. पाळी जायच्या वयात बायकांना हे जास्त होतं, ही गोष्ट इतक्या कमी वेळा बोलली जाते की मी इथे मुद्दाम लिहिते. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, ते वेगळं. संरक्षक द्रव्य नसलेले, लेन्सवर चालणारे वंगणाचे थेंब आणि मासिक लेन्सऐवजी रोज फेकायच्या लेन्स असा बदल तिने सुचवला. मल्टिफोकल लेन्समध्ये कोरड्या डोळ्याचा फटका दुहेरी बसतो; आधीच वाटलेला प्रकाश खडबडीत थरातून गेला की सावल्या वाढतात. थेंब सुरू केल्यावर संध्याकाळचा धूसरपणा बराच ओसरला.

पैशांचं सांगायचं तर मासिक मल्टिफोकल मला साध्या लेन्सच्या जवळजवळ दुप्पट पडल्या, रोजच्या त्याहून पुष्कळ महाग. म्हणून मी कॉलेजच्या आणि क्षेत्रभेटीच्या दिवशी लेन्स घालते, सुट्टीला चष्मा. रोज फेकायच्या लेन्समुळे हे परवडतं, कारण मासिक लेन्सचा महिना डबी उघडल्या दिवसापासून मोजायचा असतो, वापरलेल्या दिवसांचा नव्हे. चाचणी-जोडी न देता थेट सहा महिन्यांचं खोकं विकू पाहणारं दुकानही मला भेटलं होतं. तिथून उठून आले. माझ्या जोडीत डावा-उजवा नंबर शेवटपर्यंत बदलत राहिला. ते खोकं तेव्हाच घेतलं असतं तर तसंच पडून राहिलं असतं.

पाण्याबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने धुवायची नाही, अगदी फिल्टरच्याही नाही. लेन्स घालून पोहायचं नाही, झोपायचं नाही. पाण्यातल्या अकँथामिबा नावाच्या सूक्ष्मजीवाने पारपटलाला (कॉर्नियाला) होणारा संसर्ग दुर्मीळ आहे, पण फार वेदनादायक असतो आणि नजर घेऊन जाऊ शकतो. आपल्याकडे धबधब्याखाली उभं राहिल्याशिवाय पावसाळी सहल होत नाही. मुलांबरोबर जाताना मी त्या दिवशी चष्माच लावते, काचेवर पाणी साचलं तरी.

राहिल्या समोच्चरेषा. जवळच्या वाचनाच्या तक्त्यावरचं एन सहा आकाराचं बारीक अक्षर मी या लेन्समधून वाचते. पण प्रयोगशाळेच्या ट्यूबलाइटमध्ये खड्या उतारावरच्या तपकिरी रेषा अजूनही एकमेकींत मिसळतात. ऑप्टोमेट्रिस्टला नकाशाच नेऊन दाखवला. तिने डाव्या डोळ्याला जवळचा नंबर "हाय" घालून पाहिला. रेषा सुटल्या आणि लगेच घड्याळाचे काटे दुहेरी झाले. "हे सोडायचं का?" तिने विचारलं. सोडलं. प्रयोगशाळेच्या टेबलावर आता एक वाकवता येणारा एलईडी दिवा आहे. तो नकाशावर ओढला की बाहुली आकसते आणि बऱ्याचशा रेषा वेगळ्या होतात. उरलेल्यांसाठी भिंग, जे भूगोलाच्या प्रयोगशाळेत तसंही असतंच आणि मुलंही वापरतात. रात्रीचं वाचन मी यादीतून काढूनच टाकलं. घरी आल्यावर लेन्स काढायच्या, चष्मा कपाळावर आणि पुस्तक फूटभर अंतरावर. उणे नंबरची ही देणगी मी अजून वापरते.

पेपर तपासण्याच्या दिवसांतही हेच करते. गठ्ठा मोठा असतो, अक्षर मुलांचं, पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या, तीन-चार तास सलग. तेवढ्यासाठी मल्टिफोकलला भरीला घालण्यात अर्थ नाही.

पन्नाशीकडे जाताना जवळचा नंबर वाढत जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं आहे. माझ्या वयाला सव्वा-दीड चालतो, साठीला अडीचपर्यंत जातो. म्हणजे उजव्याचा "लो" आज ना उद्या "मीडियम" होईल आणि रात्रीच्या दिव्यांचा प्रश्न पुन्हा समोर येईल. तेव्हा कदाचित दुसऱ्या रचनेच्या लेन्स पाहाव्या लागतील, ज्यात एका डोळ्याला मध्यभागी लांबचा नंबर आणि दुसऱ्याला मध्यभागी जवळचा असतो. तोवर वर्षातून एकदा तपासणी, आणि तीन महिन्यांच्या वर लेन्सचा साठा नाही.